वाळूच्या रंगाचं एक

धुलाईच्या दुकानामागच्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून ती एकवीस वर्षं बसत आली होती. लोक तिला रफूवाली म्हणत, तोंडावर रफूवाल्या बाई. सिगारेटने भोक पाडलेली बाही, कसरीने खाल्लेला कोट, तारेत अडकून फाटलेला गुडघा असं सगळं तिच्याकडे येई. ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून दोरा उपसायची आणि भोकावर उभा-आडवा विणायची. आत दोरा मिळाला नाही तर रंगांचं कार्ड काढायची. घडीच्या लांब पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवलेले दोऱ्यांचे तुकडे, प्रत्येकाखाली आकडा. कार्ड आणि कापड घेऊन ती दाराबाहेर उजेडात जाऊन उभी राही. ट्यूबलाइटखाली तिने आयुष्यात एकदाच, एका कोटाचा, रंग जुळवला होता आणि तो चुकला होता. त्या कोटाचा मालक दिसला की अजूनही ती फुटपाथ बदलायची.

स्वभावच तसा. गॅस बंद केला का हे बघायला ती दोनदा जिना चढून परत येई. त्यावरून नवरा तिची चेष्टा करायचा. म्हणायचा, "अगं, तू बाहेर पडलीस की गॅससुद्धा सावध होतो." हे पाच महिन्यांपूर्वीपर्यंत. आता तो चेष्टा करत नव्हता, आणि ती तीनदा परत येत होती.

तो बाटल्या भरायच्या कारखान्यात फिटर होता. मशीनच्या पट्ट्यात हात गेला. उजवा. बोटं वाचली, शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, सगळे म्हणाले थोडक्यात निभावलं. पण बोटं मिटेनात. दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या बाई होत्या, त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "बोटं वाकवणारी आतली दोरी चिकटत चाललीय. बोटं तळव्याच्या मध्याला टेकायला अजून दोन बोटांचं अंतर आहे. पुढच्या तपासणीपर्यंत ते कमी व्हायला हवं. नाही झालं तर मग तसंच राहील. तीन आठवडे आहेत."

तिला ते लगेच कळलं. अस्तर वरच्या कापडाबरोबर शिवलं गेलं की कोट तसाच ओढ खातो. तो टाका वेळेवर उसवला नाही तर कापड तीच घडी धरून बसतं.

व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू पलंगाखाली गेला होता आणि तिथेच होता. केर काढताना ती तो बाहेर काढायची, उशीजवळ ठेवायची. संध्याकाळी तो पुन्हा पलंगाखाली. दोघांपैकी कुणीही त्याबद्दल बोलत नव्हतं. तो खिडकीशी बसायचा, उजवा हात टॉवेलखाली झाकलेला, जणू मांडीवर काही आजारी निजलंय. विचारलं तर "हं." जेवायला वाढलं तर "हं." कारखान्यातल्या लोकांनी समारंभाने मनगटी घड्याळ दिलं होतं. त्याचा पट्टा एका हाताने लावता येत नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. घड्याळ खणात टिकटिकत होतं.

मासे पकडायला जाणं हे त्याचं एकच वेड. दर सुट्टीला पहाटे खाडीच्या तोंडाशी. अपघातानंतर त्याने गळ-आमिषांचा डबा कुणा सोबत्याला देऊन टाकला होता. रॉड मात्र कपाटामागे उभा होता, कारण तो बाहेर काढायला कपाट हलवावं लागलं असतं.

केर काढताना तिचा झाडू त्या रॉडला लागला आणि तिला आठवलं, त्याचा हात कसा हलायचा ते. एकदाच ती बरोबर गेली होती, लग्न नवं असताना. तो मनगट वर घ्यायचा, थांबायचा, खाली सोडायचा, परत वर. तिला तेव्हा कंटाळा आला होता. आता ते मनगट आठवून ती झाडू हातात धरून उभी राहिली. चेंडू दाबणार नाहीत, पण मनगट असं हलवतील. कदाचित.

तिने नणंदेला सांगितलं. नणंद खालच्या मजल्यावर राहायची आणि कुणी मत विचारायची वाट बघायची नाही.

"दादाला गळ घेऊन देणार?" नणंद म्हणाली. "वहिनी, त्याला चमचा धरता येत नाही. त्याला वाटेल थट्टा चाललीय. घड्याळाचं काय झालं, आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग बघ बाई. आहे तेवढंही बोलायचा बंद होईल."

हीच भीती तिलाही होती. ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर दुप्पट झाली. तरी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती धक्क्याजवळच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेली.

दुकान बोळकंडीसारखं होतं. दोन्ही भिंतींवर छतापर्यंत छोटी पाकिटं टांगलेली, आणि पाकिटांत रबरी मासोळ्या, रबरी कोळंब्या, रबरी अळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या, चमकीच्या. तिला वाटलं, इथे कुणीतरी समुद्राची नक्कल करायला बसलं आणि थांबायचं विसरलं. दुकानदार म्हातारे होते, कानाला यंत्र लावलेलं.

"बोला बाई, काय देऊ?"

"ते रबरी. मासे पकडायचं."

"ते तर हे सगळंच आहे." त्यांनी दोन्ही भिंतींकडे हात केला. "कुणाला हवंय?"

"घरच्यांना."

"मग त्यांनाच पाठवा."

ती काही बोलली नाही. त्यांनी कानातलं यंत्र जरा दाबलं, बहुधा ती काही बोलली आणि आपल्याला ऐकू आलं नाही असं वाटून.

"बरं, मासा कुठला?"

नाव तिला येत नव्हतं. "डोकं असं, इस्त्री फिरवल्यासारखं. वाळूत पडून असतो. वर नुसते डोळे."

"चपटडोक्या." ते खूश झाले. "मग सोपंय." आणि तिथून त्यांनी सगळं अवघड केलं. "हा मासा शोधत फिरत नाही. आळशी म्हणा, नाहीतर धोरणी म्हणा. पाण्याच्या ओढीकडे तोंड करून वाळूत निजतो आणि समोरून जाईल ते गिळतो. म्हणजे आमिष तळाशीच गेलं पाहिजे. टेकलं पाहिजे, उचललं पाहिजे, पुन्हा टेकलं पाहिजे. तर सांगा, पाणी किती खोल? ओढ किती? पाणी गढूळ का स्वच्छ? तळाला वाळू का चिखल?"

परीक्षेत भलताच पेपर हातात पडावा तशी ती उभी राहिली. "पाण्याचा रंग लागतो?"

"लागतो म्हणजे? त्याच्यावरच तर आहे. स्वच्छ पाण्यात तिथल्या मासोळीसारखं दिसलं पाहिजे. गढूळ असलं तर काळं नाहीतर भडक, म्हणजे निदान सावली तरी दिसेल. चुकीचं घेतलंत तर दिवसभर टाका, हात भरून येईल, मासा ढुंकून बघणार नाही."

हात भरून येईल. तिने ते शब्द घट्ट धरले, आणि लगेच पुढचेही. मासा ढुंकून बघणार नाही. एकदा गेले, काही लागलं नाही, की परत जाणार नाहीत. पहिल्याच खेपेला लागायला हवा. आपण निवडलेल्यावर.

"पाणी बघून येते," ती म्हणाली.

"या की," म्हातारे म्हणाले. "पाणी कुठे जातंय."

पाणी जात होतं, हेच तर तिला पुढचे चार दिवस कळलं. जेवणाचा डबा पर्समध्ये तसाच ठेवून ती खाडीच्या तोंडाशी जाऊन उभी राही. रंगांचं कार्ड उघडून हात लांब करी आणि पाण्याशी जुळवी. पहिल्या दिवशी पाणी एकशे बारा होतं, शेवाळी. दुसऱ्या दिवशी ओहोटीला तेच पाणी अठ्ठ्याऐंशी, चहात दूध कमी पडल्यासारखं. तिसऱ्या दिवशी ढग आले आणि कार्डावरचा एकही दोरा जुळेना. कापड कसं एकदा रंगलं की रंगलं. हे तर बघता बघता बदलत होतं. दगडावर बसलेल्या एकाने विचारलं, "सर्व्हे चाललाय का?" ती म्हणाली, "हो." आणि कान तापेपर्यंत तशीच उभी राहिली. काठच्या उथळ पाण्यात बोटाएवढ्या मासोळ्यांचा घोळका होता. पाठ त्रेचाळीस, पोट पांढरं. वाळू ओली असताना एकशे एकोणीस, सुकली की एकशे अठरा.

घरी ती भरलेला डबा परत आणी. त्याने एकदा विचारलं, "डबा परत का?" गेल्या आठवड्यातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य. ती म्हणाली, "भूक नव्हती." आणि नवऱ्याशी खोटं बोलल्याची टोचणी घेऊन झोपली. अठरा दिवस उरले होते. मग सतरा.

तिने आकड्यांचा कागद समोर ठेवला तेव्हा दुकानदारांनी तो दोनदा वाचला. मग कार्ड मागून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं.

"चाळीस वर्षं दुकान चालवतोय," ते म्हणाले. "लोक येतात, म्हणतात, पाणी मातकट आहे. कसलं मातकट? ह्याला म्हणतात सांगणं." आणि ते शिडी लावून चढले. पाठीवर करडी रेघ असलेली, पंख्यासारखी शेपटी हलवणारी मासोळी दिली. गढूळ दिवसासाठी एक गडद जांभळी, एक भडक गुलाबी. एक पांढरी. शिशाच्या डोक्याचे गळ दिले आणि बजावलं, "वजन इतकंच की तळाला टेकेल. जड झालं तर धोंडा होतो, हलकं झालं तर पाणी घेऊन जातं." शेवटी एक पाकीट काढलं, ओल्या वाळूच्या रंगाचं. ती दाराबाहेर उजेडात गेली, कार्ड लावलं. एकशे अठरा आणि एकशे एकोणीसच्या मधलं. दोन्ही नाही.

"हे जुळत नाही," ती म्हणाली.

"मासा कार्ड घेऊन नाही बसत बाई. न्या."

बाकीची पाकिटं तिने घरी नेली आणि हे पर्समध्येच ठेवलं, पुन्हा एकदा ओहोटीला बघू म्हणून.

आता ती आपल्या मते शहाण्यासारखी वागली. पाकिटातून काढून द्यायचं म्हणजे त्यांना एका हाताने ते फाडत बसावं लागणार, पुन्हा घड्याळासारखं होणार. म्हणून तिने सगळी पाकिटं आधीच फोडून फेकून दिली. बटणांचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा रिकामा केला, घासला, पुसला, आणि त्यात ती सगळी आमिषं रंगांनी लावली, गडद ते फिकं, रिळं लावतात तशी. झाकण लावून बघितलं. इतकं सुरेख दिसलं की तिचा पहिल्यांदाच जरा जीव भांड्यात पडला. डबा तिने कपाटावर ठेवला, खिडकीच्या बाजूला, आणि योग्य वेळेची वाट बघू लागली.

योग्य वेळ काही येईना. आज डोकं दुखतंय म्हणाले. आज शेजारचे लोक येऊन बसून गेले. आज नुसतेच "हं." रोज सकाळी ती कपाटाकडे बघे आणि रोज उद्यावर ढकले. आठ दिवस गेले. ऊन कपाटावर येत होतं आणि जात होतं. व्यायामाच्या बाईंनी फोन करून विचारलं, "करतायत ना?" ती म्हणाली, "थोडं थोडं." हे दुसरं खोटं.

नऊ दिवस उरले असताना, सुट्टीच्या सकाळी, चहाचे कप उचलले आणि त्यांच्या जागी तिने तो डबा ठेवला. त्याच्याकडे न बघता लगेच ओट्याकडे वळली.

"काय आहे?"

"बघा ना."

 मागून झाकण ओढल्याचा आवाज आला, पुन्हा ओढल्याचा. तिने नळ सोडला आणि बंद केला.

"उघडत नाही," तो म्हणाला.

ती वळली. डब्याचं झाकण कडेने चिकटलं होतं. आणि आत रांगा नव्हत्या. जांभळा रंग पांढऱ्यात शिरला होता, गुलाबी करड्यात उतरला होता, शेपट्या एकमेकींत विरघळून त्यांचा एक चिकट, शिऱ्यासारखा गोळा झाला होता. डब्याचा तळसुद्धा मऊ पडून खाली पोट आल्यासारखा फुगला होता. घासलेटासारखा वास येत होता.

 रंग बिघडले होते, तिच्या हातून, आणि या वेळी कोट कुणा परक्याचा नव्हता. आता हे उठतील. खिडकीशी जातील. टॉवेल घेतील.

तो गोळ्याकडे बघत होता. कपाळावर एक आठी पडली. ती आठी तिच्या ओळखीची होती, कुणी मशीनला चुकीचं तेल घातलं की पडणारी.

"पाकिटं कुठायत?"

"फेकली."

"फेकली?" त्याने तिच्याकडे पाहिलं. "अगं, एका डब्यात ठेवत नाहीत ही. जात वेगळी असते एकेकाच्या रबराची. एकमेकांना खातात. आणि हा डबा कसला? बटणांचा? हा डबाही खाल्ला त्यांनी. आपापल्या पाकिटात ठेवायची असतात म्हणून तर पाकिटं देतात. उन्हात ठेवलेलंस?"

"कपाटावर."

"कपाटावर." त्याने मान हलवली. "वा. सगळंच केलंस."

पाच महिन्यांत तो इतकं बोलला नव्हता. आणि बोलता बोलता झाकण निघेना म्हणून त्याने टॉवेलखालून उजवा हात काढला होता, डबा त्या हाताच्या तळव्याने टेबलावर दाबून धरला होता, आणि डाव्याने झाकण ओढत होता.  बघितलं हे कळू दिलं तर हात परत जाईल. ती टेबलावरच्या कपाच्या ओल्या वर्तुळाकडे बघत राहिली.

झाकण निघालं. त्याने गोळा उलटसुलट केला. "यातलं काही वाचत नाही. करडी चांगली होती ही. कुणी निवडून दिली?"

"मीच."

"तू?"

मग तिला पर्स आठवली. तिने ते पाकीट आणून ठेवलं. बंद, जसंच्या तसं, ओल्या वाळूच्या रंगाचं. आत नीट बघितलं तर एकच होतं. "हे जुळत नव्हतं म्हणून ठेवलं होतं," ती म्हणाली. "एकशे अठरापण नाही, एकशे एकोणीसपण नाही."

त्याने पाकीट उजेडाकडे धरलं. तिच्याचसारखं. "ओहोटी किती वाजता?" त्याने विचारलं.

तिला ते तोंडपाठ होतं.

कपाट दोघांनी हलवलं. खाली नणंद दारात उभी होती, रॉड बघून तोंड उघडलं, पण वहिनीचा चेहरा बघून मिटलं.

काठावर गळाला आमिष ओवायची वेळ आली तेव्हा तो थांबला. बोटांनी ते होणार नव्हतं. "सरळ गेलं पाहिजे," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "मधोमध. वाकडं गेलं तर पाण्यात गिरक्या घेतं, मासा हसतो."

"द्या इकडे," ती म्हणाली. मापाला आमिष गळाशेजारी धरून टोक कुठे बाहेर येणार तिथे नखाने खूण केली, आणि ओवलं. मधोमध. त्याने फिरवून बघितलं, चूक सापडली नाही, तेव्हा म्हणाला, "हं." पण हा "हं" निराळा होता.

रॉड उजव्या हातात धरायचा, रीळ डाव्याने फिरवायचं, ही त्याची जुनी सवय. त्याने रॉड उजव्या तळव्यात ठेवला. बोटं अर्धवट वाकून रॉडच्या मुठीभोवती नुसती टेकली होती, धरत नव्हती. त्याने कोपराने मागचा दांडा बरगडीशी दाबला आणि टाकलं. पहिलं पायाशीच पडलं. दुसरं वाकडं गेलं.  तिसरं पडलं ते खोलाच्या कडेला, पाणी आतून बाहेर ओढ घेत होतं तिथे. तो थांबला. दोरी सैल पडली, म्हणजे तळ. मनगट वर. थांबणं. खाली. पुन्हा वर.

ती पाण्याकडे बघत नव्हती. ती त्या चार बोटांकडे बघत होती. पाणी आज कितवं आहे हेही तिने पाहिलं नव्हतं. अर्धा तास गेला. काही नाही. मासा ढुंकून बघत नव्हता. आता हे म्हणतील, चल. आता म्हणतील.

"काय बघतेस सारखी हाताकडे?" तो म्हणाला. "पाण्याकडे बघ."

तिने पाण्याकडे बघितलं आणि तेवढ्यात आमिष खाली उतरत असताना दोरी टपकन ताणली. रॉडचं टोक वाकलं, दांडा बरगडीवरून निसटला, पुढे चालला, आणि त्याचा उजवा हात मिटला. कुणी सांगितलं नाही, मोजलं नाही. बोटं मुठीभोवती आवळली, नखं तळव्याच्या कडेला रुतली. त्याच्या तोंडून दुखल्याचा आवाज निघाला पण हात सुटला नाही. पाण्याखाली काहीतरी रुंद, तपकिरी, एकदा उलटलं. मग दोरी सैल झाली.

"गेला," तो म्हणाला.

रीळ फिरवून आमिष वर आलं. शेपूट नव्हतं. कापल्यासारखं साफ गेलं होतं.

तो रॉड खाली ठेवायला वाकला आणि तसाच राहिला. बोटं उघडत नव्हती. मिटली ती मिटलीच. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला तिने पाहिला, आणि तिचाही उतरला. काही तुटलं का आत? आता उघडणारच नाहीत का? ती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि करंगळीपासून सुरुवात केली, जुनी शिवण उसवताना दोरा तुटू नये म्हणून ओढतात तितक्या हळू. करंगळी. मग तिच्याशेजारचं. बोटं गरम होती आणि बारीक कापत होती. मधलं सर्वांत हट्टी. शेवटचं सुटलं तेव्हा तळव्यावर चार नखांच्या चार खुणा होत्या, लालसर, अगदी तळव्याच्या मध्यापर्यंत नाही, पण कडेच्या बऱ्याच आत. तिने खुणांपासून तळव्याच्या मध्यापर्यंत आपलं एक बोट आडवं ठेवून अंतर मोजलं. मग दुसरं बोट लावून बघितलं. दुसरं मावत नव्हतं, दोन बोटांचं अंतर उरलं नव्हतं.

तिने त्याला सांगितलं नाही. मोजमाप चुकलं असेल. घरी उजेडात परत बघू, असं मनात म्हणाली, आणि मग लक्षात आलं की उजेडातच बसलोय.

त्याने आमिष डाव्या हातात घेऊन तुटलेला भाग बघितला. "याला रफू होतं का गं?"

तिने क्षणभर खरंच विचार केला. "दोरा कुठून काढू? आत शिवणच नाही."

तो हसला नाही, पण नाकातून हवा सोडली, पूर्वी गॅसच्या वेळी सोडायचा तशी. मग रॉडकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे, आणि हात पुन्हा मुठीवर ठेवला.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"दुखतंय. सरक जरा, अजून एकदा टाकतो. बिनशेपटीचं तर बिनशेपटीचं." टाकून झाल्यावर, दोरी सैल पडायची वाट बघत, पाण्याकडेच तोंड ठेवून तो म्हणाला, "उद्या त्या दुकानात जाशील तेव्हा याच रंगाची आण. आणि पाकीट फेकू नकोस."